शिरूरच्या रिसाल्यातले खापरपणजोबा

प्रश्न थोडक्यात असा: खापरपणजोबा ‘शिरूरच्या रिसाल्यात सवार’ होते असं घरात सांगतात. काळ साधारण १८५० ते १८८०. घरात एक तलवार आणि चांदीचं एक मेडल आहे, आणि ‘आपला स्वतःचा घोडा होता’ एवढी एक आठवण उरली आहे. त्यांना पगार किती असेल, बायकामुलं कुठे राहत असतील, आणि त्यांचं नाव आज कुठल्या कागदात सापडेल?

या सगळ्यात मोलाचं आहे ते ‘आपला स्वतःचा घोडा होता’ हे वाक्य. ते खरं असेल तर खापरपणजोबा शिलेदार होते. घरात पैसा कुठून आला, कर्ज का झालं, विधवेला काय मिळालं, कागद कमी का आहेत, या सगळ्याचा उलगडा त्या घोड्यापासून होतो.

आधी पलटणीची ओळख. १८१७ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावावर लादलेल्या पुणे तहानुसार पेशव्यांच्या पैशातून, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली घोडदळ उभं राहिलं. तेच ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’. तळ शिरूरला, म्हणजे आपल्या घोडनदीला. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघून सकाळी कोरेगावला पोचली, तिच्याबरोबर याच दलाचे अडीचशेच्या आसपास सवार होते. पेशवाई गेली, दल राहिलं. पुढे त्याची नावं वारंवार बदलली: आधी पूना इर्रेग्युलर हॉर्स, १८८५ मध्ये चौथं बॉम्बे कॅव्हलरी, १९०३ मध्ये ३४ वं प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर्स ओन पूना हॉर्स, आणि १९२१ नंतर १७ वं पूना हॉर्स. शोध घेताना ही सगळी नावं हाताशी ठेवा. एकाच माणसाच्या भरतीच्या कागदावर एक नाव आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं असणं अगदी स्वाभाविक आहे.

आता शिलेदारी. शब्द आपला आहे, पद्धतही आपली. शिवकाळापासून दोन प्रकार होते: बारगीर, ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे, आणि शिलेदार, जो स्वतःचा घोडा, खोगीर, हत्यार घेऊन चाकरीला येई. कंपनी सरकारने ही पद्धत उचलली, कारण ती स्वस्त पडे. सरकारने बंदूक आणि दारूगोळा द्यायचा. घोडा, खोगीर, तलवार, कपडे, राहुटी आणि घोड्याची रोजची चंदी, हे सगळं सवाराने पगारातून बघायचं. म्हणून तुमच्या घरातली तलवार खापरपणजोबांनी स्वतः विकत घेतलेली असू शकते. बंदूक मात्र बहुधा त्यांची नसे. ती सरकारजमा व्हायची.

पगाराचा आकडा ऐकून बरेच जण फसतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शिलेदार सवाराचा पगार महिना ३१ रुपये होता. त्याच काळात, १८९५ पर्यंत, पायदळाच्या शिपायाला महिना ७ रुपये मिळत. आकडे शेजारी ठेवले की सवार चौपट श्रीमंत वाटतो. पण त्या ३१ मधून घोडा जेवायचा, घोड्याचा नोकर जेवायचा, खोगीर दुरुस्त व्हायचं, नवा गणवेश शिवला जायचा आणि पलटणीच्या फंडाची वर्गणी कापली जायची. हातात पडायचं ते पायदळाच्या शिपायापेक्षा फार जास्त नसे. त्याआधीच्या काळात तर तक्रार आणखी मोठी होती. बंगालच्या इर्रेग्युलर घोडदळात सवाराला महिना २० रुपयांत माणूस आणि घोडा दोन्ही पोसावे लागत, आणि सिंध हॉर्सचा सेनापती जॉन जेकब हे २० रुपये म्हणजे सवाराला सावकाराच्या दारात उभं करणं आहे असं हिरिरीने मांडत होता.

खर्च नेमका कुठे जायचा ते बघा. फौजी घोड्याला रोजचा दाणा साधारण ४ शेर, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास. महिन्याचा हिशेब तीन मण हरभरा. वर गवत किंवा कडबा. दख्खनी भीमथडी घोडा अंगाने लहान, उंची चौदा मुठींच्या (एक मूठ म्हणजे चार इंच) आतबाहेर. पण साडेतीनशे किलोच्या जनावरालाही दिवसाला सात ते नऊ किलो सुका चारा लागतोच, आणि पाणी पंचवीस-तीस लिटर. नाल दर चार ते सहा आठवड्यांनी बदलावे लागत. आपल्या काळ्या खडकाच्या वाटांवर नाल झिजतो लवकर, आणि खुराची कड एकदा फुटली की घोडा लंगडतो. शिवकालीन पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला असे, तो उगाच नव्हे. पाणी आणि नाल या दोन गोष्टींवर घोडदळ चालतं किंवा बसतं.

गवत कापायला आणि वाहायला दोन सवारांमध्ये मिळून एक तट्टू आणि एक घसकट्या असे. त्याचा पगार दोघांनी अर्धाअर्धा द्यायचा. हे घसकट्ये बहुतेक गरीब, गावकुसाबाहेरच्या घरांतले असत. पलटण जिथे जाई तिथे ते पायी जात, अफगाणिस्तानातसुद्धा, आणि सवारापेक्षाही त्यांची नोंद कमी सापडते. घरात ब्राँझचं मेडल असेल तर हे लक्षात ठेवा: १८८५ नंतरच्या काही मोहिमांमध्ये फौजेबरोबरच्या नोकरांना तेच मेडल चांदीऐवजी ब्राँझमध्ये दिलं गेलं. तुमचं चांदीचं आहे, तेव्हा हे तुम्हाला थेट लागू नाही; पण नात्यातल्या कुणाकडे ब्राँझचं निघालं तर त्या माणसाची चाकरी वेगळी होती, आणि तीही तितक्याच आदराने शोधावी.

सवाराचा दिवस पहाटे घोड्यापासून सुरू होई आणि रात्री घोड्यापाशी संपे. पाणी दाखवणं, खरारा करणं, खूर उचलून खडे काढणं, मग कवायत, परत आल्यावर पुन्हा मालीश, तोबऱ्यात भिजवलेला हरभरा. घोडे तबेल्यात कमी, उघड्यावर आगाडी-पछाडीने बांधलेले जास्त. कूचात दिवसाला बारा ते पंधरा मैलांची मजल धरत. शिरूर ते पुणे म्हणजे तीन मजला.

या रोजच्या कामात एक हयगय झाली तरी नुकसान घरापर्यंत पोचायचं. खोगिराखालची घोंगडी दुमडून बसली किंवा तंग सैल राहिला, तर एका मजलेत पाठ सोलवटते आणि घोडा कित्येक दिवस खोगीर घेऊ शकत नाही. दमलेल्या, तापलेल्या घोड्यापुढे लगेच दाणा टाकला तर पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे तो रात्रीत मरू शकतो. ग्लँडर्स हा नाकातून स्राव येणारा रोग लागला तर इलाज नव्हता. जनावर मारून टाकायचं, शेजारच्या घोड्यांना वाचवायला. सर्रा नावाच्या तापाने घोडे झिजून मरत, त्याचं कारण रक्तातला परजीवी आहे हे ग्रिफिथ इव्हान्सने १८८० मध्ये दाखवलं. तोवर सवार फक्त बघत राहत.

घोडा मेला तर? नोकरी घोड्यासकट होती, म्हणून बिनघोड्याचा शिलेदार म्हणजे बैल गेलेला शेतकरी. त्यासाठी पलटणीत ‘चंदा’ असे. प्रत्येक सवाराच्या पगारातून दरमहा ठरावीक कापून फंड जमवायचा आणि मेलेल्या किंवा निकामी घोड्याच्या बदल्यात त्यातून नवा घोडा घ्यायला मदत करायची. लढाईत घोडा पडला तर सरकारी भरपाईही मिळे. एक सूचना इथेच देतो, कारण जुने कागद वाचताना हमखास गफलत होते: चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, चंदा म्हणजे हा फंड. मोडीत घाईने लिहिलेल्या हिशेबात काना कुठे आहे हे नीट पाहा, नाहीतर दाण्याच्या खर्चाला फंडाची वर्गणी समजून सगळा ताळेबंद चुकेल.

आता कुटुंबाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: असामी. रिसाल्यातली सवाराची जागा म्हणजे असामी, आणि तिला किंमत होती. भरती होताना घोड्यासकट ती जागा विकत घ्यावी लागे किंवा पलटणीकडे काही शे रुपये भरावे लागत. शेतमजुराला हे शक्य नव्हतं. म्हणून शिलेदार घोडदळात जमीन असलेली मराठा घरं, जुनी पागेदार घरं, दख्खनी मुसलमान घरं जास्त दिसतात. पैसा कुठून यायचा? थोडी जमीन गहाण, थोडे दागिने, थोडं भावांचं. म्हणजे नोकरीवर गेला एक जण, पण भांडवल सगळ्या घराचं. जुन्या गहाणखतात ‘घोडे खरेदीकामी’ असा शब्द दिसला, तर त्या वर्षाच्या आसपास भरती झाली असं धरायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका माणसाच्या अनेक असाम्या असत. तो स्वतः एका घोड्यावर बसे आणि बाकीच्या घोड्यांवर पगारी बारगीर बसवी. सरकार प्रत्येक घोड्यामागे पूर्ण पगार देई, बारगिराला त्यातला एक भाग मिळे, उरलेला मालकाचा. स्वतःच्या घोड्यावर बसणाऱ्याला कागदात ‘खुदअस्पा’ म्हटलेलं आढळतं. यामुळे एक वेगळीच गोष्ट घडे: सवार मेला तर त्याची विधवा किंवा अज्ञान मुलगा असामी धरून ठेवू शकत असे. घोड्यावर बारगीर बसे आणि विधवेच्या चुलीला त्यातून आधार मिळे. पेन्शनचे नियम तुटपुंजे होते त्या दिवसांत ही मोठी सोय होती. १८५७ नंतर हळूहळू हे बदललं. एक माणूस, एक घोडा, ठरावीक किमतीची असामी, आणि नोकरी सोडताना ती रक्कम परत, अशी घडी बसत गेली. फौजेच्या दृष्टीने बरं झालं, कारण बारगिराला घोड्याबद्दल मालकाइतकी माया नसायची. विधवेच्या दृष्टीने मात्र दरमहा येणाऱ्या उत्पन्नाच्या जागी एकदाच मिळणारी रक्कम आली, आणि ती सावकाराकडे वळायला वेळ लागत नसे.

बायकामुलं कुठे राहत? मुंबई आणि मद्रास फौजेत कुटुंबं तळावर बरोबर असण्याची चाल होती. बंगाल फौजेत ती बहुधा गावी राहत. तेव्हा शिरूरच्या सवाराचं घर दोन ठिकाणी असण्याची शक्यता मोठी: एक गावचा वाडा किंवा घर, जिथे आईवडील, भाऊ आणि शेत, दुसरी लाइनीतली, म्हणजे तळावरच्या शिपायांच्या वस्तीतली, झोपडी. या झोपड्या सरकार बांधून देत नसे. शिपायाने हटिंग मनीच्या तुटपुंज्या भत्त्यावर स्वतः भिंती उभ्या करायच्या, शाकारायच्या, आणि पलटण हलली की सोडून जायच्या. त्यामुळे आज शिरूरला जाऊन ‘त्यांचं घर’ शोधू नका. लाइनींची जागा सापडेल, घर सापडणार नाही. मूल तळावर जन्मलं असेल, तर गावच्या नोंदीत त्याचा जन्म दिसणारही नाही. ‘नोंद नाही म्हणजे हा आपला पूर्वज नव्हे’ असा निष्कर्ष काढू नये.

मोहिमेवर मात्र कुटुंब मागे राही. पूना हॉर्स १८३९ मध्ये गझनीपर्यंत गेलं. १८५६-५७ मध्ये घोड्यांसकट जहाजाने इराणला गेलं आणि ८ फेब्रुवारी १८५७ ला खुशाबच्या लढाईत इराणी पलटणीचं निशाण त्यांनी घेतलं. त्याच्या टोकावरचा चांदीचा पंजा ही पलटणीची खूण झाली. १८८० मध्ये ते कंदाहारला होतं. समुद्रापार जाताना पगाराचा काही भाग घरच्यांच्या नावे ठेवण्याची सोय होती. पण खरी काळजी पैशाची नसून बातमीची होती: माणूस आहे की नाही हे कळायला महिने लागत. आणि घरीही सगळं ठीक असेल असं नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात पुणे, नगर, सोलापूर हे जिल्हे होरपळले. सवाराच्या गावचं शेत आणि सवाराच्या घोड्याचा हरभरा, दोन्हींवर एकदम गदा आली. दाणा ठरावीक भावापलीकडे महागला तर सरकार फरक भरून देई, तो घोड्याचा. घरच्यांच्या ज्वारीचा फरक ज्याचा त्याने सोसायचा.

आता घरातल्या दोन वस्तूंकडे वळू. मेडल घासू नका, पॉलिश तर मुळीच लावू नका. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी असेलच. दुसऱ्या बाजूला हत्तीवर तोफ, कूच करणारी फौज आणि खाली १८७८-७९-८० असेल, तर ते दुसऱ्या अफगाण युद्धाचं. बसलेल्या योद्ध्याला पंखवाली देवी मुकुट घालते आहे असं चित्र असेल, तर ते १८५४ पासूनचं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल. त्याच्या पट्टीवर ‘पर्शिया’ असेल तर १८५६-५७. मग भिंग घेऊन मेडलची कड उजेडात तिरकी धरा आणि हळूहळू फिरवा. कडेवर हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. अक्षरं झिजलेली असतील तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा, ठसा उमटतो. इंग्रजी कानाने लिहिलेली नावं आहेत हे विसरू नका. जाधवचं ‘जाडो’, रावचं ‘रो’, पवारचं ‘पोवार’ होतं. कित्येकदा आडनाव नसतंच. नाव आणि बापाचं नाव, एवढंच. म्हणून घरात त्या पिढीतल्या सगळ्या भावांची आणि बापाची नावं आधी लिहून काढा, मग कड वाचा.

हुद्द्यांवरूनही बरंच कळतं. घोडदळात क्रम असा: सवार, दफेदार, मग जमादार, रेसायदार, रिसालदार, आणि सर्वांत वर रिसालदार मेजर. हवालदार आणि सुभेदार हे पायदळाचे हुद्दे. घरात ‘हवालदार होते’ आणि ‘घोडदळात होते’ ही दोन्ही वाक्यं सांगितली जात असतील, तर दोन पिढ्यांची गोष्ट एकात मिसळली असण्याचा संभव आहे. जमादार शब्द आणखी फसवा: घोडदळातला जमादार सनदी हुद्देदार, पण पोलिसात आणि कचेरीतही जमादार होते. आणि शिलेदार, बारगीर, रिसालदार ही आडनावं इंग्रजी राज्याच्या कितीतरी आधीची असू शकतात. केवळ आडनावावरून पूना हॉर्स गाठू नका.

घर मराठवाड्यातलं असेल तर आणखी एक तपासा. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हिंगोली, औरंगाबाद इथे हैदराबाद कंटिन्जंटचे तळ होते. तिथेही शिलेदारीच होती, पण ती फौज मुंबई सरकारची नव्हती. तिचे रिसाले १९०३ मध्ये हिंदी फौजेत मिसळले आणि डेक्कन हॉर्स वगैरे नावांनी पुढे चालले. तिचे कागद मुंबईत शोधण्यात वर्ष जाईल.

कागदांचं सत्य आधी सांगतो: एकोणिसाव्या शतकातल्या साध्या हिंदी सवाराची संपूर्ण सेवापुस्तिका मिळेल अशी आशा धरू नका. भरतीच्या पटावर गाव, बापाचं नाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असत, पण ते पट पलटणीकडे असायचे आणि फार थोडे टिकले. हुद्देदार मात्र छापील आर्मी लिस्टमध्ये दिसतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं लष्करी दप्तर आहे, त्यात मेडल मिळालेल्यांचे पट आहेत. मेडलवरचं नाव आणि मोहीम आधी हातात असेल तरच तिथे विचारण्यात अर्थ आहे. १८३७ पासून दिलं जाणारं इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं असेल तर शौर्याचा तपशीलही सापडतो, कारण त्याबरोबर वाढीव पगार असे आणि प्रत्येक प्रकरण लेखी मंजूर व्हायचं.

तरी सुरुवात घराजवळून करा, क्रमही हाच ठेवा. पहिलं, घरातले मोडी कागद: गहाणखतं, वाटणीपत्रं, देण्याच्या पावत्या. मोडी वाचणाऱ्याकडे देण्याआधी प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा; पाठीमागची एक ओळ कित्येकदा मुख्य मजकुरापेक्षा कामाची निघते. दुसरं, तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष: गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्म-मृत्यू, आणि जुनी शेतवार पत्रकं व फेरफार, ज्यात ‘पलटणीत चाकरीस’ अशी गैरहजेरीची टीप सापडू शकते. तिसरं, मुंबईच्या पुराभिलेखागारातलं मिलिटरी डिपार्टमेंट आणि पुण्याचं दप्तर. पुण्याला इनाम-वतनाचे कागद भरपूर आहेत, आणि पूर्वीच्या पागेदार घराण्याचा धागा तिथे लागू शकतो.

चौथं ठिकाण बहुतेकांना सुचत नाही, आणि माझ्या मते तेच सगळ्यात फळ देणारं: नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. मोहिमेवरून सुखरूप परतलेला सवार किंवा नवऱ्याचे दिवस करायला आलेली बाई तिथे पोचली असेल, तर उपाध्यायाने गाव, कूळ, बापाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहून घेतलेलं असतं. लाइनीत जन्मलेली मुलंही तिथे सापडू शकतात. जाताना आजच्या पत्त्यापेक्षा मूळ गाव, तालुका आणि कुळी सांगा; वह्या गावाच्या नावाने लावलेल्या असतात. मुसलमान घर असेल तर जवळच्या दर्ग्याच्या मुजावरांकडे आणि काझींच्या निकाहाच्या नोंदींकडे हाच प्रश्न घेऊन जा, आणि विचारताना नवऱ्याच्या नावाबरोबर पलटणीचंही नाव घ्या.